एंडगेमचा शेवट: स्टीव्ह रॉजर्स नक्की कोणत्या काळात जगला?

तिसरी_घंटा:

'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' अजून पाहिला नसेल तर हा धागा वाचू नका. इथे सगळं शेवटाबद्दलच आहे.

२६ एप्रिल २०१९ ला सिनेमा आला तेव्हा जे वाद पेटले होते त्यातले बरेचसे आता थंडावलेत. थॉरच्या सुटलेल्या पोटावरून कोणी भांडत नाही. जादूगार डॉक्टर स्ट्रेंजने पाहिलेल्या १,४०,००,६०५ भविष्यांपैकी एकातच, अर्धं विश्व पुसून टाकणाऱ्या थानोसवर विजय का, हेही बहुतेकांना पटलंय. एक वाद मात्र मिटलेला नाही आणि तो किरकोळ नाही असं मला मनापासून वाटतं. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, भूतकाळातून आणलेले सहा स्टोन (अफाट शक्तीचे खडे) आणि थॉरचा हातोडा आपापल्या काळात परत ठेवायला जातो. पाच सेकंदांत यायला हवा, येत नाही. मग तळ्याकाठच्या बाकावर एक म्हातारा पाठमोरा बसलेला दिसतो. हा म्हातारा तिथे कुठून आला?

खुद्द सिनेमा करणाऱ्यांचंच यावर एकमत नाही. दिग्दर्शक रूसो बंधूंच्या मते स्टीव्ह भूतकाळात गेला तेव्हा काळाची वेगळी फांदी फुटली, त्या फांदीत तो आपल्या जुन्या प्रेयसीबरोबर, पेगीबरोबर, जगला आणि अखेरीस सहकारी सॅमला ढाल सोपवायला आपल्या काळात आला. लेखक क्रिस्टोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली सांगतात की तो आपल्याच काळात जगला. साधारण १९४८ पासून पुढे जगात दोन स्टीव्ह होते, एक १९४५ मध्ये विमान कोसळून २०११ पर्यंत बर्फात गोठलेला आणि एक पेगीच्या घरी. पेगीचा जो नवरा आपल्याला कधी दाखवला नाही, तो हाच.

मी दिग्दर्शकांच्या बाजूचा आहे. सिनेमाने स्वतः घालून दिलेला नियम बघा. बॅनर (हल्क) स्पष्ट सांगतो की भूतकाळात गेलात तर तोच तुमचा भविष्यकाळ होतो, तिथे काहीही केलंत तरी तुम्ही सोडून आलेला वर्तमान बदलत नाही. नुसतं बोलून दाखवलेलं नाही, करूनही दाखवलंय. थानोसची मुलगी नेब्युला बघा: २०२३ ची नेब्युला २०१४ च्या नेब्युलाला गोळी घालते आणि स्वतः ठणठणीत उभी राहते. २०१४ चा थानोस धूळ होतो, तरी २०१८ ला झालेला अर्ध्या विश्वाचा संहार झालेलाच राहतो. इतक्या ठसठशीतपणे मांडलेला नियम शेवटच्या पाच मिनिटांत एकाच माणसासाठी मोडला, असं मानायला माझं मन तयार नाही.

पण हे झालं तर्काचं. माझं खरं कारण वेगळं आहे. लेखकांचं म्हणणं मान्य केलं तर स्टीव्हचं काय होतं ते बघा. त्याला माहीत होतं की युद्ध संपल्यावर शत्रूसंघटना हायड्राचा शास्त्रज्ञ झोला याला अमेरिकेत आणलं जाणार आणि पेगी जी हेरसंस्था उभारतेय तिच्याच पोटात हायड्रा वाढणार. जिवलग मित्र बकी जिवंत आहे, त्याला गोठवतात, जागा करतात, माणसं मारायला लावतात, पुन्हा गोठवतात, हे माहीत होतं. १६ डिसेंबर १९९१ च्या रात्री टोनीच्या (आयर्न मॅनच्या) आईवडिलांच्या, हॉवर्ड आणि मारिया स्टार्कच्या, गाडीचं बकीच्या हातून काय होणार तेही माहीत होतं. तरी हा माणूस चाळीसेक वर्षं घरात बसून होता? 'सिव्हिल वॉर' सिनेमात टोनीला तो सांगतो की काही वाईट घडताना दिसलं तर मला दुर्लक्ष करता येत नाही, कधीकधी वाटतं की करता यावं. टोनी म्हणतो, नाही, तुला तसं वाटत नाही. आणि स्टीव्ह कबूल करतो, नाही वाटत. हा माणूस गप्प बसणार नाही. बसला असेल तर २०११ पासून आपण ज्याच्यावर जीव लावला तो हा नव्हे.

तुम्हा सगळ्यांना काय वाटतं? सविस्तर लिहा.

---

शेवटची_लोकल:

फांदीला माझं मत. पण आधी त्या आठवड्याबद्दल लिहू दे.

मुंबईत सोमवारी, २९ एप्रिलला लोकसभेचं मतदान होतं आणि शुक्रवारी हा सिनेमा. शनिवार-रविवारी ज्याच्या त्याच्या तोंडी दोनच विषय. सिनेमा इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला, मराठीत नाही, त्यामुळे घरच्यांना हिंदीतला दाखवला. पहिल्याच दिवशी देशात ५० कोटींच्या वर कमाई झाली होती, तिकीट मिळणं हीच मोठी गोष्ट होती. थिएटरमध्ये मी इतका आवाज कधी ऐकला नव्हता. स्टीव्ह एकटा उभा राहतो, फुटलेल्या ढालीचा पट्टा हातावर आवळतो, समोर थानोसची अख्खी फौज, आणि कानात संहारात नाहीशा झालेल्या सॅमचा आवाज येतो, 'ऑन युअर लेफ्ट'. पुढची दोन मिनिटं पडद्यावर कोण काय बोललं ते मला ऐकूच आलं नाही. आमच्या रांगेतले अनोळखी काका माझा खांदा धरून उभे होते.

म्हणून मला शेवट हा कोड्यासारखा सोडवायला आवडत नाही, पण धागाकर्त्याचा बकीचा मुद्दा काळजाला लागला. बकीला तसं सोडून स्टीव्ह नाचत बसला हे मी मानणार नाही.

---

रानजाई:

मी लेखकांच्या बाजूची आहे, आणि इथे एकटीच पडणार असं दिसतंय. तरी मांडते.

पहिली गोष्ट, स्टीव्ह दुसऱ्या फांदीतून आला असता तर तो काळात उडी मारायच्या त्या यंत्राच्या चौथऱ्यावर उतरायला हवा होता. सगळे तिथेच उतरतात. बॅनर बटणं दाबत राहतो, तो ठरलेल्या वेळेला येत नाही, आणि थोड्या अंतरावर बाकावर शांत बसलेला सापडतो. उडी मारून आलेला माणूस असा बसत नाही. तो कुठून आलाच नाही, तो इथेच होता. वाट बघत होता. त्या दृश्याची मांडणी हेच सांगते.

दुसरी गोष्ट, बकीला आधीच माहीत होतं. निरोप घेताना तो म्हणतो की तुझी आठवण येईल. पाच सेकंदांसाठी जाणाऱ्याला कोणी असा निरोप देत नाही. आणि म्हातारा दिसल्यावर बकी स्वतः पुढे जात नाही, सॅमला पाठवतो. त्या दोघांमध्ये काहीतरी बोलणं होऊन गेलेलं आहे.

आता तुमचा नैतिक मुद्दा. स्टीव्ह गप्प बसला म्हणून तुम्हाला राग येतो. मला त्यातच त्याचा सर्वांत मोठा त्याग दिसतो. १,४०,००,६०५ वाटांमधली एकच विजयाची, आणि ती स्टीव्हने स्वतः चालून पाहिलेली. १९५० साली बकीला सोडवलं तर १९९१ चा खून नाही, मग टोनी-स्टीव्हचं वैर नाही, 'सिव्हिल वॉर' नाही. ऐकायला छान वाटतं. पण मग वाट बदलली, आणि बदललेल्या वाटेवर थानोस जिंकला तर? अर्धं विश्व वाचवायचं म्हणून एका मित्राचे हाल उघड्या डोळ्यांनी सोसायचे, रोज सकाळी उठून सोसायचे, आणि बायकोलाही सांगायचं नाही. मैदानात उडी मारणं त्याला कायमच सोपं होतं. हे कठीण आहे.

---

तिसरी_घंटा:

रानजाई, तुमचा तिसरा मुद्दा वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. गप्प राहणं हाच त्याग, हे सुंदर आहे. पण सिनेमाच्या नियमात ते बसत नाही. बॅनरचा नियम खरा असेल तर १९५० साली बकीला सोडवून आपल्या वर्तमानाचा केसही वाकडा होणार नव्हता. जिंकलेलं युद्ध जिंकलेलंच राहणार होतं. मग गप्प राहून त्याने नेमकं काय वाचवलं? आणि नियम खोटा असेल, भूतकाळ बदलल्याने वर्तमान बदलत असेल, तर त्याने पेगीच्या दारावर थाप मारली त्याच क्षणी सगळं बदललं. नियम खरा असो वा खोटा, गप्प राहण्याला अर्थ उरत नाही.

शिवाय 'विंटर सोल्जर' सिनेमातल्या संग्रहालयात पेगीची १९५३ सालची मुलाखत दाखवली आहे. तिथे ती सांगते की स्टीव्हने हायड्राची नाकेबंदी फोडून हजाराहून अधिक सैनिक वाचवले आणि पुढे जो माझा नवरा झाला तो त्यांच्यातलाच एक. स्टीव्ह स्वतःलाच कसा वाचवेल?

---

रानजाई:

१९५३ साली जगाच्या लेखी स्टीव्ह रॉजर्स मेलेला आहे. पेगी हेरखात्यातली बाई. ती कॅमेऱ्यासमोर बसून 'माझा नवरा म्हणजेच तो' असं सांगेल का? ती काहीतरी रचून सांगणारच. आणि ते वाक्य बोलताना ती अडखळते, जरा थांबते. पुन्हा बघा. त्याच सिनेमात म्हाताऱ्या पेगीच्या उशाशी मुलांचे फोटो आहेत, नवऱ्याचा नाही. इतक्या वर्षांत एकदाही नवऱ्याचं नाव नाही, चेहरा नाही. ही जागा २०१४ पासून मोकळी ठेवलेली आहे.

---

मधली_सुट्टी:

लोकहो, एक वेगळी बाजू मांडतो. स्टीव्ह कुठे जगला यापेक्षा तो जगायला का गेला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी टोनीकडे बघावं लागेल.

२०१२ च्या पहिल्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये दोघं भांडतात तेव्हा स्टीव्ह टोनीला म्हणतो की दुसऱ्याला जाता यावं म्हणून स्वतः काटेरी तारेवर आडवा पडणारा माणूस तू नाहीस. टोनी म्हणतो, मी तार कापेन. टोनी स्टार्कचा सगळा स्वभाव त्या उत्तरात आहे. प्रत्येक संकटावर काहीतरी युक्ती, काहीतरी यंत्र. एंडगेममध्ये स्ट्रेंज त्याच्याकडे बघून एक बोट वर करतो तेव्हा त्याला कळतं की या वेळी तार कापता येणार नाही. तो तारेवर पडतो, सहा स्टोन हातात घालून चुटकी वाजवतो, थानोसला संपवतो आणि मरतो.

आणि ज्याचं अख्खं आयुष्य तारेवर आडवं पडण्यात गेलं तो स्टीव्ह पहिल्यांदाच उठतो आणि घरी जातो. सॅम विचारतो तेव्हा म्हातारा काय म्हणतो ते ऐका. टोनी मला जे आयुष्य जग म्हणायचा ते थोडं जगून बघावं असं वाटलं. म्हणजे स्टीव्हचा निर्णय टोनीच्या मरणातून आलाय. 'एज ऑफ अल्ट्रॉन'च्या शेवटी टोनी त्याला म्हणतो की साधं आयुष्य तुलाही मिळेल कधीतरी, आणि स्टीव्ह म्हणतो की ज्याला घर, संसार हवा होता तो माणूस बर्फात गेला, बाहेर आला तो दुसराच कोणीतरी. चार वर्षांनी आलेल्या एंडगेममध्ये तो त्या बर्फात गेलेल्या माणसाला शोधायला परत जातो.

टोनीच्या शेवटाबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. चुटकी वाजवायच्या आधीचं 'आय अ‍ॅम आयर्न मॅन' हे वाक्य आधीच्या चित्रीकरणात नव्हतंच. संकलक जेफ फोर्डने ते सुचवलं, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात टोनी साकारणाऱ्या डाउनीला पुन्हा बोलावून ते चित्रित केलं. २००८ चा पहिला सिनेमा याच वाक्यावर संपला होता. श्रेयनामावली संपल्यावर कुठलंही दृश्य येत नाही, फक्त लोखंडावर घण पडल्याचा आवाज येतो. गुहेत कैद असताना टोनी पहिलं चिलखत घडवत होता, तो आवाज. आमच्या शोला निम्मं थिएटर रिकामं झालं होतं तोवर. जे थांबले होते ते आवाज संपल्यावरही उठले नाहीत.

आता तोच डाउनी डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत परत येतोय. आनंद व्हायला हवा, पण माझ्या मनात भीती आहे. तो चेहरा त्या निरोपाबरोबर मनात बंद करून ठेवलाय.

---

दुर्गवेडा:

मधली_सुट्टी यांचा प्रतिसाद फार आवडला. +१.

मला एंडगेम पाहताना सारखे भीष्म आठवत होते. भीष्मांचा मोठेपणा प्रतिज्ञेत, आणि हस्तिनापुराचं दुर्दैवही त्याच प्रतिज्ञेत. तरुणपणी दिलेला शब्द त्यांना बाणांच्या शय्येपर्यंत सोडता आला नाही. संसार नाही, सिंहासन नाही, फक्त राखण. पिढ्यांमागून पिढ्या समोर मरताना बघायच्या आणि आपण उभं राहायचं. स्टीव्हची तीच गत होत होती. बर्फातून उठला तेव्हा ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. संहारानंतरच्या पाच वर्षांत तो लोकांना बसवून पुढे चला, जगा, असं सांगतो आणि सहकारी नताशापाशी (ब्लॅक विडो) कबूल करतो की इतर पुढे जातात, आपण नाही.

भीष्मांना ज्या क्षणी कोणीतरी म्हणायला हवं होतं की पुरे, आता खाली ठेवा, तो क्षण त्यांना मिळाला नाही. स्टीव्हला मिळाला. ढाल त्याने खाली ठेवली नाही, योग्य माणसाच्या हातात दिली आणि मग मोकळा झाला. त्यामुळे तो कुठल्या फांदीत जगला या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं की जिथे त्याच्यावर राखणीची जबाबदारी नव्हती तिथे.

---

तांबडा_रस्सा:

दुर्गवेडा, जबाबदारी नव्हती अशी फांदीच नाही. ज्या फांदीत गेला तिथेही थानोस जन्मलेला आहेच की. भीष्मांची तुलना आवडली, पण स्टीव्ह मोकळा झाला हे मला पटत नाही. त्याने तिथे नक्की काहीतरी केलं असणार.

माझी वेगळीच तळमळ आहे. स्टोन परत ठेवण्याचा प्रवास आपल्याला का दाखवला नाही? एका माणसाने एकट्याने केलेली केवढी मोठी मोहीम ती! मोरॅग ग्रहावर २०१४ सालात पॉवर स्टोन. थॉरच्या अ‍ॅसगार्डमध्ये २०१३ सालात त्याचा हातोडा आणि रिअ‍ॅलिटी स्टोन, जो काढला होता थॉरच्या प्रेयसीच्या, जेनच्या अंगातून. न्यूयॉर्कमध्ये २०१२ सालात दोन. १९७० च्या कॅम्प लीहाय या लष्करी तळावर टेसरॅक्ट, म्हणजे स्पेस स्टोनचा ठोकळा. आणि सोल स्टोन परत करायला व्होर्मिर ग्रहावर.

व्होर्मिरवर राखणीला कोण आहे? रेड स्कल! १९४५ मध्ये टेसरॅक्टने गिळलेला, स्टीव्हचा पहिला शत्रू. ज्याच्यामुळे ते विमान बर्फात कोसळलं, ज्याच्यामुळे पेगीबरोबरचं शनिवारी रात्री आठचं नाचाचं ठरलेलं राहून गेलं, तो समोर झगा घालून उभा, आणि स्टीव्ह त्याच्या हातात स्टोन देतोय. त्याच कड्याखाली सोल स्टोनसाठी जीव दिलेली नताशा पडलेली. मला ही भेट पाहायची होती.

माझी थिअरी अशी की पेगीकडे जायचा निर्णय इथे झाला. आधी ठरलेला नव्हता. सगळं जिथून सुरू झालं त्या माणसासमोर उभं राहिल्यावर झाला.

---

रानजाई:

बकीचा निरोप आठवा. निर्णय आधीच झाला होता.

पण व्होर्मिरच्या भेटीचं सगळं मान्य.

---

पारिजातक:

नताशाचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. टोनीला तळ्याकाठी अख्ख्या विश्वाने निरोप दिला. त्या एका सलग शॉटमध्ये 'आयर्न मॅन ३'मधला तो लहान मुलगाही मोठा होऊन उभा आहे. नताशाला काय मिळालं? पाच जण पाण्याच्या काठावर उभे, थॉर म्हणतो तिला परत आणू, बॅनर बाक उचलून भिरकावतो, आणि पुढच्या कामाला लागतात. पाच वर्षं त्या रिकाम्या इमारतीत बसून एकटीने सगळं चालवलं ते तिने. तिच्याशिवाय सोल स्टोन नाही, सोल स्टोनशिवाय चुटकी नाही. मला हे अजूनही खुपतं, आणि कितीही वेळा पाहिलं तरी खुपेल.

आता मूळ विषय. सगळे स्टीव्हला काय हवं होतं यावर बोलताय. पेगीचं कोणीच बोलत नाही.

'विंटर सोल्जर'मध्ये अंथरुणाला खिळलेली पेगी त्याला सांगते की मी माझं आयुष्य जगले, तुला तुझं जगता आलं नाही एवढीच माझी खंत. या वाक्यात मला ती पूर्ण दिसते. तिने संस्था उभी केली, संसार केला, मुलं वाढवली. लेखकांचं खरं मानलं तर ती हे वाक्य कोणाला म्हणतेय? ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं त्याच नवऱ्याच्या तरुण रूपाला. म्हणजे तिचं वाक्य खोटं. मला ते खोटं झालेलं नकोय. म्हणून मी फांदीच्या बाजूची.

पण तिसरी_घंटा, फांदी मानली तरी तुमच्यापुढे मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. १९४८ च्या त्या जगातही एक स्टीव्ह आहे. बर्फाखाली. जिवंत. तुमचा स्टीव्ह पेगीच्या घरी गाण्यावर नाचतोय तेव्हा तो दुसरा उत्तरेच्या बर्फात गोठून पडलाय, आणि हे माहीत असलेला त्या जगात एकच माणूस आहे. बकीला सोडून तो घरी बसणार नाही, म्हणता. मग स्वतःला सोडून बसेल? २०११ पर्यंत पडू देईल? आणि बाहेर काढलं तर त्या स्टीव्हचं काय? शनिवारी आठची वेळ त्याची होती. पेगीला वचन त्याने दिलं होतं. तो डोळे उघडतो तर त्याच्या जागी तोच उभा.

---

शेवटची_लोकल:

पारिजातक, अंगावर काटा आला. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

---

मधली_सुट्टी:

बर्फातल्या स्टीव्हचा प्रश्न दोन्ही बाजूंना आहे, फक्त लेखकांच्या बाजूला तो जास्त क्रूर आहे. तिथे त्याला २०११ पर्यंत बर्फात ठेवावंच लागतं. हॉवर्ड स्टार्क वर्षानुवर्षं समुद्र पालथा घालतोय आणि स्टीव्ह त्याच्याबरोबर एका शहरात राहून गप्प, असं ते चित्र होतं.

'लोकी' मालिका पाहिलेल्यांसाठी एक टिपण. तिथे सांगितलंय की काळाची राखण करणारी संस्था नको त्या फांद्या छाटून टाकते आणि अ‍ॅव्हेंजर्सनी काळात मारलेल्या उड्या व्हायच्याच होत्या. मग स्टीव्हची फांदी छाटली का गेली नाही? एक तर ती व्हायचीच होती, किंवा ती फांदीच नव्हती. मालिकेने उत्तर दिलेलं नाही.

---

तिसरी_घंटा:

पारिजातक, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून काल शेवटचं दृश्य पुन्हा लावलं. यातून मला जी थिअरी सुचली ती नीट मांडतो, लांब होईल.

प्रश्न ढालीचा आहे. थानोसने त्याची ढाल तलवारीने तोडली, अर्धी उरली. स्टोन घेऊन निघतो तेव्हा स्टीव्हच्या हातात पेटी आहे, हातोडा आहे, ढाल नाही. म्हातारा झाल्यावर मात्र तो गोल पिशवीतून अखंड ढाल काढतो. ती कुठून आली?

नवीन घडवली असेल असं बरेच जण म्हणतात. पण पहिल्या सिनेमात हॉवर्ड ढाल दाखवताना काय सांगतो? व्हायब्रेनियम हा पृथ्वीवरचा सर्वांत दुर्मीळ धातू आहे आणि तुझ्या हातात आहे तेवढाच आमच्याकडे होता. हा धातू जिथे मिळतो तो वाकांडा देश तेव्हा जगासाठी बंद. म्हणजे १९४८ च्या जगात अमेरिकेच्या हाती ढाल बनेल एवढं व्हायब्रेनियम एकाच ठिकाणी होतं. त्या ढालीतच. आणि ती ढाल होती विमानाच्या सांगाड्यात, बर्फात, गोठलेल्या स्टीव्हजवळ. पहिल्या सिनेमाची सुरुवातच तिथे होते, बर्फाच्या थराखाली ती चकती दिसते.

आता जोडून बघा. म्हाताऱ्याकडे अखंड ढाल आहे याचा अर्थ ते विमान सापडलं. हॉवर्डला जागा माहीत नव्हती म्हणून तो आयुष्यभर शोधत राहिला. या स्टीव्हला माहीत होती. विमान उघडलं म्हणजे आतला माणूसही बाहेर आला. ढाल घेऊन माणसाला तिथेच सोडून परत फिरणारा स्टीव्ह रॉजर्स मला तरी माहीत नाही.

म्हणजे त्या जगात दोन स्टीव्ह होते, पण दोघंही जागे. आणि मग तुम्हाला जी अडचण वाटते तीच मला उत्तर वाटते. बकीला कोणी सोडवलं? झोलाला कोणी रोखलं? त्या तरुणाने. त्याला सगळं सांगणारा, शत्रू कुठे लपलाय ते जागेसकट दाखवणारा एक थोरला घरी होता. थोरल्याने संसार केला आणि धाकट्याने बकीला आणलं.

---

तांबडा_रस्सा:

बाप रे. यावर अख्खा सिनेमा होईल.

---

रानजाई:

तिसरी_घंटा, ढालीचा माग फार छान काढलात. व्हायब्रेनियमचं ते वाक्य मी विसरले होते. लेखकांच्या बाजूने या ढालीला माझ्याकडे उत्तर नाही, कारण आपल्या काळात बर्फातली ढाल २०११ पर्यंत बर्फातच राहिली आणि शेवटी फुटली. दुसरी ढाल आपल्या काळातून येऊच शकत नाही, वाकांडाने नंतर कधी दिली असं मानलं तरच. २०२३ पर्यंत वाकांडा जगासाठी खुलं झालेलं आहे, स्टीव्हवर त्यांचा जीव आहे, तेव्हा ते अगदीच अशक्य नाही.

पण चौथऱ्याचं उत्तर तुमच्याकडेही नाही. दुसऱ्या फांदीतून आला तर तो बाकावर कसा?

---

तिसरी_घंटा:

२०१२ मधून १९७० ला जाताना टोनी आणि स्टीव्ह कुठल्याच चौथऱ्यावर उतरत नाहीत. मनगटावरचं यंत्र आणि काळात उडी मारायला लागणारे पिम कण पुरतात. त्याने थोडं आधी आणि थोडं बाजूला उतरायचं ठरवलं असेल तर तो उतरू शकतो. बकीला ठाऊक होतं, म्हणून बकीने तिकडे पाहिलं.

---

पारिजातक:

ढाल पटली. धाकट्याने बकीला आणलं हेही पटायला आवडेल. पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे, कारण तुम्ही पुन्हा दोन्ही स्टीव्हचं ठरवून टाकलंत. थोरला संसार करेल, धाकटा लढेल. हे पेगीला विचारलं कोणी?

तिच्या दारात एक माणूस येतो, चेहरा तोच, पण वयाने मोठा, डोळ्यांत तिने न पाहिलेली युद्धं. काही महिन्यांनी बर्फातून दुसरा निघतो, तिने ज्याला रेडिओवर निरोप दिला होता अगदी तोच, तेवढ्याच वयाचा, त्याच्या लेखी ते बोलणं कालचं. तिने कोणाबरोबर राहावं? मला वाटतं, ज्या पेगीला आपण ओळखतो ती दोघांनाही समोर बसवून आधी सगळं ऐकून घेईल आणि मग स्वतः ठरवेल. म्हाताऱ्याच्या बोटात अंगठी आहे. सॅम तिच्याबद्दल विचारतो तेव्हा तो सांगत नाही. आजवर मला वाटायचं की हे त्याचं खाजगी सुख आहे म्हणून. पण तुमची थिअरी खरी असेल तर सांगण्यासारखं खूपच काही आहे, आणि त्यातलं निम्मं त्या धाकट्याचं आहे.

---

शेवटची_लोकल:

मग सॅमच्या हातात आली ती ढाल धाकट्याची. त्याने ती स्वतःहून दिली असणार, त्याशिवाय थोरला घेऊन निघणार नाही. सॅम म्हणतो की ही दुसऱ्या कोणाची तरी वाटते, आणि म्हातारा म्हणतो, तसं नाहीये. हे दृश्य आज रात्री पुन्हा बघतो. पट्टे १९४५ च्या ढालीसारखे चामड्याचे आहेत का ते कोणीतरी नीट थांबवून बघा, म्हणजे तिसरी_घंटा यांच्या थिअरीला पुरावा मिळेल.

---

रानजाई:

बघते आणि सांगते. पट्टे नवे निघाले तर मात्र वाकांडा माझा.